एका अक्षरात गेलेले दोन महिने

आमचं शेत मालेगाव तालुक्यात आहे. लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन पिवळं पडलं. पिवळा मोझॅक. विषाणू पांढरी माशी पसरवते आणि झाडाला एकदा लागला की त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकावं लागतं. बाबा म्हणाले, "उपटाचं ठीक आहे, पण पह्यले समजलं पाह्यजे ना."

मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. छोटं अनुदान मिळालं तेव्हा बाबांचं तेच वाक्य डोक्यात होतं. विषाणूच्या कवचाचं प्रोटीन ई. कोलाय जिवाणूत तयार करायचं ठरवलं. ते हाती आलं की त्याविरुद्ध अँटिबॉडी करता येते आणि अँटिबॉडीवरून रोग ओळखायची चाचणी. सोबत एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनी होत्या. असं काम जैवसुरक्षा समितीला कळवल्याशिवाय करता येत नाही, १९८९ पासून तसे नियम आहेत. त्या कागदपत्रांत सुरुवातीचा बराच काळ गेला. तो धरूनच चालावं.

किट मागवलं पीईटी-२८ए या वेक्टरचं. वेक्टर म्हणजे गोल प्लास्मिड डीएनए, त्यात आपला जीन बसवायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत स्टुडिअर आणि मोफॅट यांनी १९८६ मध्ये मांडली. जीनच्या आधी टी७ नावाच्या विषाणूचा प्रमोटर असतो. तो वाचणारं एन्झाइम बीएल२१ (डीई३) या जिवाणूत असतं, पण झोपलेलं. आयपीटीजी नावाचं रसायन टाकलं की ते जागं होतं आणि प्रोटीन बनायला लागतं. प्लास्मिड वाढवायला वापरतात त्या डीएच५अल्फा जिवाणूत हे एन्झाइम नसतं. त्यात कितीही आयपीटीजी ओता, काही होत नाही.

पार्सल एप्रिलमध्ये आलं. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरच्या ऑफिसात पोचलं, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी आम्ही थर्माकोलचा डबा उघडला तर ड्राय आइस संपलेला होता आणि नळ्या कोमट लागत होत्या. प्लास्मिडला काही झालं नाही, डीएनए टणक असतो. पण किटसोबत आलेल्या तयार जिवाणू पेशींची डीएनए आत घेण्याची ताकद गेली होती. तरीही आम्ही त्या वापरून पाहिल्या, कारण पैसे गेलेले होते. दोनदा प्लेटा कोऱ्या राहिल्या. तो आठवडा वाया घालवायला नको होता.

शेवटी अमरावतीच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून बीएल२१ची स्लँट, म्हणजे जिवाणू वाढवलेली नळी, मिळाली. विद्यार्थिनीने बर्फाच्या थर्मासमध्ये ती एसटीने आणली. पेशी आम्ही इथेच तयार केल्या, थंड कॅल्शियम क्लोराइड वापरून. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि आमचं बर्फाचं मशीन बंद. बर्फ रसवंतीवरून आणला. जीन जोडलेलं प्लास्मिड आणि पेशी बर्फावर अर्धा तास, मग ४२ डिग्रीच्या पाण्यात ४५ सेकंद, परत बर्फावर. दुसऱ्या दिवशी कॅनामायसिनच्या प्लेटवर वसाहती होत्या. मोजताना माझा हात थरथरत होता.

जीन बसला आहे का, ते कापून जेलवर पाहिलं. बसला होता. आता फक्त प्रोटीन यायचं होतं. ते आलं नाही. जून गेला, जुलै गेला. आयपीटीजी कमी केलं, जास्त केलं, नवी बाटली आणली. जेलवर साधारण ३३ किलोडाल्टनला पट्टी यायला हवी होती. तिथे काहीच नाही. एका मुलीला मी म्हटलं, "तुझा हात कच्चा आहे." ते मी बोलायला नको होतं.

चूक माझी होती. जीनची प्रत काढायला डीएनएचा छोटा तुकडा लागतो, प्रायमर. तो मी एका जुन्या प्रबंधातून जसाच्या तसा घेतला होता. त्या कामात पीईटी-२८बी वापरला होता, आमच्याकडे २८ए. ही ए, बी आणि सी अशी तीन भावंडं आहेत. बॅमएचवन या कापण्याच्या जागेपाशी त्यांच्यात एकेका अक्षराचा फरक आहे. पेशी डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचते. एक अक्षर इकडेतिकडे झालं की पुढचं सगळं वाक्य बिघडतं आणि मध्येच कुठेतरी थांबतं. कापून जेलवर पाहिलं तर हे दिसत नाही, कारण लांबीतला एका अक्षराचा फरक तिथे कळत नाही. शेवटी प्लास्मिड सिक्वेन्सिंगला पाठवलं तेव्हा समजलं. तो खर्च आमच्या दोन महिन्यांच्या रसायनांपेक्षा कितीतरी कमी होता. नवा प्रायमर काही शे रुपयांत आला. त्या मुलीची मी माफी मागितली.

नव्या प्लास्मिडमधून ऑक्टोबरमध्ये पट्टी आली, जाड आली. पण पेशी फोडून फिरवल्या तर सगळं प्रोटीन तळाच्या पांढऱ्या गाळात. जिवाणू ३७ डिग्रीला इतक्या घाईने प्रोटीन बनवतो की त्याची नीट घडी होत नाही, गोळे होतात. उपाय माहीत होता: १८ डिग्रीला रात्रभर, आयपीटीजी कमी. पण आमचा शेकर फक्त गरम करतो, थंड करत नाही.

आम्ही डिसेंबरची वाट पाहिली. इथे थंडीच्या रात्री पारा खूप उतरतो. मागच्या खोलीच्या खिडक्या उघड्या टाकल्या, शेकरचं हीटर बंद केलं, थर्मामीटर टांगला. रात्रभर १६ ते १९ राहिलं. लाइट दोनदा गेली, म्हणून मी तिथेच सतरंजी टाकून झोपले. सकाळी थोडं प्रोटीन पाण्यात आलेलं होतं. उरलेलं गाळातलं ८ मोलर युरियात विरघळवून निकेलच्या कॉलमवरून काढलं. अँटिबॉडीसाठी घडी मोडलेलं प्रोटीनही चालतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ऑक्टोबरातच काम झालं असतं.

चाचणी अजून झालेली नाही, अँटिबॉडीचं काम पुढे सुरू आहे. बाबा दर फोनला विचारतात.

असं किट मागवणार असाल तर पार्सल सोमवारीच निघेल असं विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि प्रायमरची ऑर्डर देण्याआधी वेक्टरचा नकाशा समोर ठेवून अक्षरं तीन-तीन करून हाताने मोजा, दुसऱ्याकडूनही मोजून घ्या. बीएल२१ची स्लँट आम्ही जपून ठेवली आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजला लागली तर समितीचं पत्र आणि एक थर्मास घेऊन या.