अप्पांचे रकाने

माझ्या कामाला जी काही शिस्त आहे, ती तंजावरच्या अप्पांची देणगी आहे. त्यांचं पूर्ण नाव लिहीत नाही, कारण ते छापलेलं त्यांना रुचलं नसतं. मेल वीधीच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पूर्वज भोसल्यांच्या दरबारी कारकून. घरात तमिळ आणि तिकडची दक्षिणी मराठी एकाच वाक्यात नांदायची, आणि माळ्यावरचे कागद मोडीत.

मी पुण्याहून तिथे गेलो तो मोडीच्या ओढीने. तंजावरला इतिहास म्हटलं की माणसं बृहदीश्वराच्या आवारात नेतात. भोसल्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा 1803 सालचा भला मोठा मराठी शिलालेख तिथेच आहे. अप्पांनी मला तो दाखवला खरा, पण त्यांचा जीव होता दफ्तरावर. दुसरे सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहाने त्यांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा जरासा मुलूख एवढंच उरलं. राज्याचा कारभार गेला, लिहिणं थांबलं नाही. छत्रांचा खर्च, देवळांचे नेमणूक-पैसे, औषधं, ग्रंथांची खरेदी, सगळ्याचे कागद होत राहिले. सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रोग्यांचे त्या काळचे कागद आहेत. रोग्याची हकीकत, उपचार आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. अप्पा म्हणायचे, राजाचं मोठेपण मोजायचं तर या कागदांवरून मोजा.

आता त्यांनी मला काय दिलं ते सांगतो.

माळ्यावरचे कागद खाली आले की मी अधाशासारखा वाचायला बसायचो. अप्पा हात पुढे करून थांबवायचे. आधी पत्ता, मग वाचन. रुमाल (कागद बांधलेलं फडकं) कितवा, त्यातलं पुडकं कितवं, पुडक्यातला कागद कितवा, हे तीन आकडे वहीत चढल्याशिवाय ते कागद उलगडू देत नसत. त्यांच्या मते कागद वाचणारा आज आहे, उद्या नाही. मजकूर कुणीही पुन्हा वाचील, पण कागदाची जागा हरवली तर तो पुन्हा सापडेलच असं नाही. निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर जमवलेल्या सुमारे 90 हजार चिठ्ठ्यांबद्दल मी पुष्कळ पुढे वाचलं. त्याची प्रत्येक चिठ्ठी स्वतःचा क्रमांक घेऊन बसलेली होती. वाचताना मला मेल वीधीच आठवली.

फोनने फोटो काढायला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. उलट, फोटोला नाव काय देता, हा त्यांचा पहिला प्रश्न. वर्ष, मग महिना, मग दिवस, मग रुमाल आणि कागद, असा क्रम आम्ही मिळून ठरवला. वर्ष पुढे ठेवलं की संगणक फाइली आपोआप कालक्रमाने लावतो. 1988 मध्ये ठरलेलं तारखांचं आंतरराष्ट्रीय मानकही हाच क्रम सांगतं. पण मोडी कागदावर इसवी सन कुठून येणार? शक असतो, संवत्सर असतं, नाहीतर अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन. ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे दोन, दहा, दोनशे आणि हजार, एकूण 1212. त्यात 599 मिळवले की 1811 च्या मृग नक्षत्रापासून 1812 च्या मृगापर्यंतचं वर्ष. अप्पा हे बोटांवर करत. मी त्याचं सूत्र गूगल शीट्समध्ये बसवलं, तेव्हा त्यांनी एकेक जुनी तारीख घालून ते पडताळलं आणि समाधानाने मान हलवली.

त्या शीटचे रकाने त्यांच्या लांबट वहीतून जसेच्या तसे आले. माझ्या लेखी त्यातला सर्वांत मोलाचा रकाना शंकेचा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ डोळ्यांना सारखेच. लेखणी न उचलता ओढलेल्या अक्षरांत कित्येकदा दोन वाचनं सारखीच खरी वाटतात. अशा वेळी अप्पा दोन्ही लिहीत, पुढे वाचणाऱ्याचं नाव लिहीत. कुणी नंतर तिसरं वाचन दिलं तर पहिली दोन खोडायची नाहीत. महागड्या अॅपमध्ये जुनी आवृत्ती जपण्याची सोय असते, पण हे वाचन कुणाचं आणि किती खात्रीचं, हे अॅप विचारत नाही. ते विचारायची सवय माणसालाच लावून घ्यावी लागते, आणि मला ती त्यांनी लावली.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी दिवसाची कच्ची टिपणं पक्क्या वहीत चढलीच पाहिजेत, हा त्यांचा दुसरा दंडक. दरबारी हिशेबात रोजकीर्द त्याच दिवशी पुरी व्हायची आणि तीतून खतावणी निघायची. आज माझ्या फोनमध्ये गूगल कीपची टिपणं साठतात, ती मी झोपण्याआधी रिकामी करतो. कामाच्या व्यवस्थेवरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांतलं जे खरंच उपयोगी पडलं, ते मला त्याआधीच एका ओसरीवर मिळालेलं होतं.

2014 मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली. अप्पांच्या नातीने त्यांना पडद्यावर मोडी अक्षरं काढून दाखवली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी मागितली ती छापील प्रत. कागदांच्या या सूचीच्या तीन प्रती असाव्यात असं त्यांचं म्हणणं होतं: एक संगणकावर, एक दुसऱ्या गावी, आणि एक कागदावर, त्या त्या रुमालाच्या आतच बांधलेली. दुसऱ्या गावची प्रत माझ्याकडे पुण्यात आहे.

अप्पा गेल्यावर सूची त्यांच्या नातीने पुढे चालवली. ती चेन्नईला नोकरी करते, सुटीत तंजावरला येते, एखादं पुडकं सोडते आणि रात्री शीटवर नव्या ओळी उमटतात. ‘कोणी वाचलं’ या रकान्यात आता बहुतेक तिचंच नाव असतं. शंकेच्या रकान्यात ती मला प्रश्न विचारते, मी उत्तर लिहितो, आणि मला पटलं नाही तरी तिचं वाचन तिथेच राहतं.