शिंपल्यावरचा गुलाबी डाग

शेवाळाला आपल्याकडे कधीं मान मिळाला नाहीं. विहिरीच्या पायरीवर तें धरलें कीं पाय घसरावयाचा, हौदांत धरलें कीं हौद घासावयाचा. याहून अधिक विचार त्याच्याविषयीं कोणी करीत नाहीं. अशा वस्तूच्या अभ्यासाला एका विदुषीनें आयुष्य वाहिलें असें सांगितल्यास, ‘त्यांतून मिळालें काय?’ हा प्रश्न येणारच. म्हणूनच कॅथलीन ड्रू-बेकर ह्या बाईंची हकीगत आम्हांस सांगावीशी वाटते.

बाईंचा जन्म १९०१ सालीं इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत झाला. १९२२ सालीं मँचेस्टर विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रांतील पदवी पहिल्या वर्गांत मिळवून त्या तेथेंच शिकवूं लागल्या. १९२८ सालीं त्यांनीं विवाह केला, आणि नोकरी गेली! विवाहित स्त्रीला अध्यापक नेमावयाचें नाहीं, असा तेथील दंडक होता. पतीही अध्यापकच, त्यांच्या नोकरीला मात्र कांहीं बाध आला नाहीं. बाई बिनपगारी संशोधक म्हणून प्रयोगशाळेंत येत राहिल्या. पुढें घरीं दोन मुलेंही झालीं.

वेल्सच्या किनाऱ्यावर ‘लेव्हर’ नांवाचें जांभळट समुद्रशेवाळ लोक शिजवून खातात. त्याच्या बीजकणांचें पुढें काय होतें, हें कोणास ठाऊक नव्हतें. बाईंनीं ते कण शिंपल्यांबरोबर ठेवून पाहिले. कण शिंपल्यांत शिरले, आणि त्यांतून सूक्ष्म गुलाबी तंतू पसरले. शिंपल्यांवरील असा डाग शास्त्रज्ञांनीं पूर्वीं पाहिला होता. पण ती निराळीच वनस्पति समजून १८९२ सालीं तिला ‘कॉन्कोसेलिस’ हें स्वतंत्र नांवही दिलें होतें. ह्या दोन वनस्पति नसून एकीच्याच आयुष्यांतील दोन अवस्था आहेत, हें बाईंनीं १९४९ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत एका छोट्या टिपणांत मांडलें.

लेव्हरचेंच एक भावंड म्हणजे जपानांतील ‘नोरी’. वाळवून त्याचे कागदासारखे पापुद्रे करतात व त्यांत भात गुंडाळून खातात. तेथील कोळ्यांनीं समुद्रांत बांबू रोवावे, जाळीं पसरावीं, आणि बीज येईल तेव्हां येईल म्हणून वाट पाहावी, अशी जुनी वहिवाट. उन्हाळ्यांत नोरी दिसेनाशी होई. शरदांत बीज येतें कोठून, हें कोडेंच होतें. महायुद्धानंतर पीक बुडालें, तेव्हां उपाय सुचेना. क्यूशू विद्यापीठाचे सोकिची सेगावा ह्यांनीं बाईंचा शोध जपानी नोरीवर पडताळून पाहिला. तेथेंही तोच गुलाबी डाग! पुढें शिंपल्यांवर बीज वाढवून तें जाळ्यांना लावण्याची रीत निघाली, आणि दैवावरचें पीक शेतीच्या हिशेबांत आलें.

बाई १९५७ सालीं वारल्या. जपान त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. १९६३ सालीं कुमामोतो प्रांतांतील उतो येथें, आरिआके समुद्राकाठीं, त्यांचें स्मारक उभें राहिलें. दरवर्षीं १४ एप्रिलला तेथें त्यांचा उत्सव होतो; लोक त्यांस ‘समुद्रमाता’ म्हणतात.

‘मिळालें काय?’ ह्याचें उत्तर येथें भरपूर आहे. परंतु बाई कांहीं जपानचें पीक वांचविण्यासाठीं शिंपल्यांपाशीं बसल्या नव्हत्या. एका वनस्पतीचें आयुष्य अर्धेंच ठाऊक असणें त्यांस पुरेसें वाटत नव्हतें, इतकेंच. विद्यापीठानें पगार बंद केला, तरी दार बंद केलें नाहीं. तेंही झालें असतें तर? आपल्याकडे असा लेखी दंडक नसेल. पण विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीचें लग्न ठरतांच ‘आतां हें पुरें’ म्हणणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्या घरांतून कोणता डाग ओळखावयाचा राहून गेला, हें आतां कोण सांगणार?