सर्पगंधेची शांतता

सर्पगंधा आमच्या जालन्याची नव्हे. तिला सावली, ओल आणि कुजलेल्या पाल्याचा थर लागतो. इथं पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास आणि रानात उन्हाचा तडाखा. आपल्या बांधावर तग धरते ती आस्कंद. तरी काष्ठौषधीच्या दुकानात सर्पगंधेची मुळी मिळते, आणि वनौषधी शिकवणाऱ्याला ती दिसली की आधी शंका येते. तिच्या नावावर तिच्याच कुळातल्या दुसऱ्या जातींची मुळं खपतात. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उलगडा होतो: खऱ्या सर्पगंधेत दगडासारख्या टणक अश्मपेशी नसतात. शिवाय औषध बहुतांश सालीत असतं. साल खरवडून ‘स्वच्छ’ मुळी विकणारा काय विकतो, ते त्यालाच ठाऊक.

वेडावर आणि निद्रानाशावर ही मुळी देशात पिढ्यान्‌पिढ्या दिली जाई. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरही तिचा गुण नोंदवला. पण जगाचं लक्ष वळलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांच्यामुळे. 50 रुग्णांवरचं त्यांचं काम 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलं. झाड नवं नव्हतं, दावाही नवा नव्हता. पारा किती उतरला याचं मोजमाप तेवढं नवं होतं. देशी औषधीची त्या काळातली याहून मोठी सेवा मला माहीत नाही, आणि ती केली एका हृदयरोगतज्ज्ञानं! लेख वाचून बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स मुळीच्या मागे लागले. 1952 मध्ये बाझलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी तिच्यातलं रेझर्पीन वेगळं केलं. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेझर्पीन शांत करतं म्हणजे काय करतं? मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन, डोपामिन साठवलेलं असतं. जालना बियाण्यांचं गाव, म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: गोदामाचं दार बंद पडलं की अंगणातल्या पोत्यांना वाळवी लागते. पिशवीत माल भरणारा पंपच रेझर्पीन बंद पाडतं. बाहेर राहिलेली द्रव्यं विकरं फोडून टाकतात. निरोप द्यायला काही उरतच नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, नाक चोंदतं. नव्या पिशव्या तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी थांबवली तरी असर रेंगाळतो.

हा रितेपणा किती खोल असतो ते स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवलं. रेझर्पीननं निपचित पडलेले ससे, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते एल-डोपा टोचताच उठून हालचाल करू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट तिथून निघाली, आणि 2000 साली कार्लसन नोबेलचे मानकरी झाले.

साठा रिता करणारं औषध काहींचं मनही रितं करतं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना रेझर्पीन देऊ नये, असं औषधशास्त्राची पुस्तकं बजावतात. गोळीची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आसपास, तीही मोजून. चूर्णात किती, हे मुळीची जात, जमीन आणि काढणीचा हंगाम ठरवतात. चमचा ते ओळखत नाही.

म्हणून चूर्ण घेणाऱ्याला झोप लागते का, हे मी शेवटी विचारतो. आधी नाक चोंदतं का, नाडी किती, मन उगाच खिन्न होतं का. रक्तदाबाची गोळीही चालू असेल, तर पुडी बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जायला सांगतो.