अकरावा आकडा

लोणंदच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलं की एखादी मालगाडी समोर येऊन उभी राहतेच. लोक वैतागतात; मी डब्यांवरचे नंबर वाचतो. परवा सोबत सातवीतली भाची होती. समोरच्या बंद डब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : ३१०११२४५८७६.

"मामा, तीन हजार एकशे एक कोटी? एवढे डबे तरी आहेत का?"

नाहीत. ही संख्या मोजण्यासाठी नाहीच. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालकी कुठल्या रेल्वेची ते, मग दोन बांधणीच्या सालाचे आणि चार अनुक्रमांकाचे. झाले दहा. मग शेवटचा ६ कशाचा?

तिच्या वहीत मांडून दाखवलं. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा घे : १, १, २, ५, ७. बेरीज १६, तिप्पट ४८. उरलेले ३, ०, १, ४, ८. त्यांचीही बेरीज १६. एकूण ६४. दहाच्या पुढच्या पटीला, म्हणजे सत्तरला, कमी पडतात ६. तोच अकरावा आकडा. नंबर उतरवून घेताना एखादा आकडा चुकला, तर हा हिशेब जुळत नाही.

ती पळत पुढच्या डब्याशी गेली, आकडेमोड करून आली आणि म्हणाली, "जुळतंय! पण तिप्पटच का? दुप्पट का नाही?"

या प्रश्नाने मला फार आनंद झाला. दुपटीत १ च्या जागी चुकून ६ पडला, तर फरक पाचाचा, दुप्पट दहा. बेरजेचा एकक तोच राहतो आणि चूक पचून जाते. तिपटीत तसं होत नाही. १ ते ९ पैकी कुठल्याही आकड्याला तीनने गुणा, एककाला शून्य येतच नाही. म्हणून एक आकडा चुकला की पकडला जातोच. बिस्किटपुड्यावरच्या तेरा आकडी बारकोडलाही हीच रीत आहे. पुडा पिशवीत होताच. तोही तपासून झाला.

रेल्वे आणि आकड्यांवरून आठवलं : देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी एका संख्याकुळाला रेल्वे स्टेशनचंच नाव दिलं : डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली. त्या कुळातली एक पाहा. नऊ वेळा १ लिहून वर्ग करा : १२३४५६७८९८७६५४३२१. आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो. हे गुण तिच्यात कुणी घातलेले नाहीत. डब्याच्या नंबरात मात्र माणसाने विचार करून गुण पेरलाय. मला दोन्ही सारखेच प्रिय.

"आणि शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर?" भाचीने विचारलं. आमच्या नंबरातले ५ आणि ८ उलटवून पाहिले, चूक सापडली. मग मी दुसऱ्या एका नंबरातल्या २७ च्या जागी ७२ घ्यायला सांगितलं. हिशेब बिनतक्रार जुळला! ती हिरमुसली नाही, उलट पेटली. आमची गाडी सातारा सोडेपर्यंत तिने निसटणाऱ्या सगळ्या जोड्या हुडकल्या : ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९. सहावी का नाही, हेही तिनेच मला पटवून दिलं : फरक बरोबर पाचाचा हवा.