दुर्बिणीचे मोल

भाषाविज्ञान शिकविणाऱ्या प्राध्यापकाने दुर्बिणीविषयी लिहावे, याचे आपणांस थोडे नवल वाटेल. परंतु पक्षी पाहण्याचा छंद गेली अनेक वर्षे मला पहाटे घराबाहेर काढीत आला आहे आणि त्या छंदापायी एकदा मी वेतनाची सारी थकबाकी खर्च करण्याच्या बेतात होतो. तो बेत कसा बारगळला, हे आपणांस सांगावेसे वाटते.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीवर मोठा जलाशय आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक उतरतात. कधी पट्टकादंबही दिसतात. हे पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. त्यांची ओळख त्यांच्या नावातच आहे : पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे. दुर्दैव असे, की नेमके ते पट्टेच मला दिसेनासे झाले होते. डोके दिसे, मान दिसे. पट्ट्यांच्या जागी राखाडी डाग. सारा दोष मी माझ्या जुन्या ८ × ४० दुर्बिणीला देऊन मोकळा झालो.

अशातच पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांनी आपली ऑस्ट्रियन दुर्बीण दहा मिनिटे माझ्या हाती दिली. पट्टे दिसले! पुसट, पण दिसले. अशा दुर्बिणीला दोन-तीन लाख रुपये पडतात, हे त्यांनी सहज सांगितले. माझी थकबाकी जवळपास तेवढीच होती. घरी गेल्यावर पत्नीने शांतपणे विचारले, "पक्षी तेच राहणार ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी थोडा रागावलो.

त्यानंतरच्या रविवारी लातूरला संपर्क सत्र होते. ध्वन्यनुकरणात्मक शब्द शिकविताना मी 'टिटवी'चे उदाहरण दिले : पक्ष्याचा आवाज हेच त्याचे नाव. मागच्या बाकावरच्या एक विद्यार्थिनी उठल्या. वय चाळिशीचे, घरची कोरडवाहू शेती. त्या म्हणाल्या, "सर, कोणती टिटवी? पाण्याकाठची का माळावरची? माळावरचीचा आवाज बारीक असतोय."

मी थबकलो. टिटवी आणि माळटिटवी हे दोन वेगळे पक्षी आहेत, हे मला ठाऊक होते. एकीच्या डोळ्यांजवळची लोंबती कातडी लाल, दुसरीची पिवळी. पण हा भेद मी नेहमी दुर्बिणीतून रंग पाहून ठरवीत असे. मी विचारले, "तुम्ही न बघता ओळखता?" त्या हसून म्हणाल्या, "बघायला कशाला लागतंय, सर? रोजचंच पाखरू हाय."

परतीच्या वाटेवर, चाकूर-अहमदपूरच्या माळांवरून गाडी जात असता, त्या वाक्याने माझा पाठपुरावा केला. आमच्या शास्त्रात हेच तर आहे. ज्याच्या मातृभाषेत 'ल' आणि 'ळ' यांचा भेद नाही, त्याच्या हाती उत्तमातील उत्तम ध्वनिमुद्रण यंत्र दिले, तरी 'गोल' आणि 'गोळ' त्याला चटकन वेगळे ऐकू येत नाहीत. यंत्र ध्वनी टिपते. भेद कान करतो, आणि कान सरावाने घडतो. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आणि दुर्बिणीच्या बाबतीत नेमके विसरलो.

तरीही मोह सुटला नव्हता. नवी दुर्बीण घेण्यापूर्वी चष्म्याचा नंबर तपासावा, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. तपासणीनंतर ते म्हणाले, "सर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुर्बीण बदलून काय होणार?" राखाडी डाग काचेत नव्हता, माझ्याच डोळ्यांत होता! एवढी वर्षे मी निर्जीव यंत्राला बोल लावीत होतो. खरे सांगतो, त्या क्षणी मला भीतीही वाटली. वाचन हाच ज्याचा चरितार्थ, त्याला डोळ्यांवरची शस्त्रक्रिया साधी वाटत नाही.

थकबाकीचा काही भाग शस्त्रक्रियांवर खर्च झाला. दीड-दोन महिन्यांनी लोह्याजवळ तारेवर बसलेला नीलपंख उडाला आणि मी जागीच उभा राहिलो. मोतीबिंदू निळा रंग हळूहळू पिवळसर करीत नेतो. तो रंग आपण गमावला आहे, हे आपल्याला कळतही नाही. पंखांवरचा तो निळा मी किती वर्षांनी पाहत होतो! हातात होती तीच जुनी दुर्बीण.

मग महाग दुर्बीण व्यर्थ समजावी काय? तसे म्हटले तर ते कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणण्यासारखे होईल. पुढे त्या स्नेह्यांची दुर्बीण मी पुन्हा वापरून पाहिली. सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, धुक्यात, दृश्याच्या कडेपर्यंत ती अधिक स्वच्छ दाखवते. दिवसभर तेच काम करणाऱ्या संशोधकाला तिचा खर्च परवडावा. परंतु भर प्रकाशात, आपल्यासारख्यांच्या कामासाठी, किंमत वीसपट झाली म्हणून दर्शन वीसपट होत नाही.

दुर्बीण घेताना दोन गोष्टी मात्र जरूर पाहाव्यात. '८ × ४२' यातील ८ म्हणजे किती पट मोठे दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. साधारण ५ येते. डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी होय. पन्नाशीनंतर अंधारातही आपली बाहुली बहुधा याहून फारशी मोठी होत नाही. म्हणून त्याहून मोठ्या भिंगाचे ओझे व्यर्थ. दुसरे, चष्मा असल्यास तो न काढता पूर्ण दृश्य दिसते का, हे दुकानातच पाहावे. दहा-पंधरा हजारांत अशी दुर्बीण मिळते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. त्या आठवड्यात एकदा पहाटे आपल्या गावच्या माळावर जावे. दुर्बीण नसली तरी चालेल. टिटवी ओरडली, की ती कोणती, हे आधी कानाने ठरवावे. मी अजून शिकतो आहे. दहांतून चार वेळा चुकतो. लातूरच्या त्या विद्यार्थिनींनी माझी परीक्षा घ्यायचे कबूल केले आहे.