अतिरेकाचा अधिकार

अभिनयात अतिरेक हा दोषच होय, ही समजूत आमच्या हौशी रंगभूमीवर इतकी दृढमूल झाली आहे की, सीताबर्डीत संध्याकाळच्या तालमीला येणारा नवखा मुलगासुद्धा, आवाज किंचित चढला किंवा हात खांद्याच्या वर गेला की, आपल्याकडून काही अपराध घडला अशा भयाने माझ्याकडे पाहतो. अशा मुलाला मी ‘सामना’ पाहायला सांगतो.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शक म्हणून प्रथमच पडद्यावर आणलेला हा १९७४ सालचा चित्रपट पुढे १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातही दाखवला गेला. वस्तुतः ती एका खुनाची कहाणी. परंतु तिचा तपास कोणी फौजदार करीत नाही. दारूच्या अमलाखाली भरकटत आलेला एक मास्तर साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या आश्रयाला राहतो, आणि मारुती कांबळेचे पुढे काय झाले हा एकच प्रश्न पुनःपुन्हा, वेळी-अवेळी विचारत सुटतो. प्रेक्षक प्रथम हसतात. तोच प्रश्न गावात पसरू लागला की ते हसू घशात अडकते.

डॉ. श्रीराम लागूंनी हा मास्तर ज्या धाडसाने उभा केला आहे, ते धाडस आम्हा नटमंडळींना सहज पेलणारे नव्हे. मद्यपी रंगवण्याचा आमचा रूढ मार्ग झोकांड्या देण्याचा आणि जीभ जड करण्याचा. परंतु खरा मद्यपी सदैव शुद्धीत दिसण्याची पराकाष्ठा करीत असतो, आणि ती पराकाष्ठाच त्याला उघडे पाडते. लागूंच्या मास्तरात ही धडपड आहेच, पण तिच्यापलीकडे दुसरेही काही आहे. शुद्धीतल्या माणसाला ज्या प्रश्नाची किंमत मोजावी लागली असती, तो विचारण्याची मुभा नशेतल्या माणसाला मिळते, आणि मास्तर त्या मुभेचा शेवटच्या थेंबापर्यंत उपयोग करतो. त्याचे बडबडणे, अवेळी उसळणे, भर मैफलीत आब सोडणे ही त्याच्या जबानीची रीत आहे. म्हणून तो अतिरेक मला कोठेही उसना वाटत नाही. व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेल्या या नटाला आवाज कोठवर ताणावा याचे ज्ञान असावे, यात मला नवल वाटत नाही.

परंतु हा अतिरेक तोलून धरला आहे तो निळू फुल्यांनी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला आणि लोकनाट्यातून आलेला हा नट हिंदुराव करताना आवाज चढवीतच नाही. हलक्या स्वरात, सावकाश, शब्द जिभेवर घोळवीत बोलतो, आणि त्या मंद स्वरातूनच सत्तेचा सारा दरारा जाणवतो. समोरचा असा स्तब्ध राहिला नसता, तर मास्तरांचा उद्रेक केवळ आरडाओरड ठरला असता. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने मी पाहिलेल्या कित्येक प्रयोगांत नेमके हेच बिघडते: एकाने आवाज वाढवला की सारेच वाढवतात.

गुन्हा आणि हास्य यांची सांगड घालणारे चित्रपट जगात विरळा नाहीत. चॅप्लिनचा ‘मस्यू व्हर्दू’ १९४७ चा; ॲलेक गिनेस यांनी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये १९४९ साली एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगवल्या. त्यांच्या कौशल्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तेथे नटाचा अतिरेक खून करणाऱ्याच्या किंवा खून होणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. ‘सामना’त तो फिर्यादीच्या वाट्याला येतो, ज्याच्या हाती ना पुरावा ना अधिकार; आणि त्या फिर्यादीने अखेर हिंदुरावांकडून कबुली घेतली, यावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो तो केवळ अभिनयाच्या बळावर. मराठी पडद्यावरील इतकी निर्भय भूमिका मला दुसरी आठवत नाही.

तेव्हा तालमीला येणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी हा चित्रपट दोनदा पाहावा. एकदा मास्तरांवर दृष्टी ठेवून, आणि दुसऱ्यांदा, मास्तर बोलत असताना, हिंदुरावांवर.