सागाचं गोत

टेकाम! गोंडी भाषेत सागाला ‘टेका’ म्हणतात आणि त्यावरून टेकाम हे कुळाचं नाव झालं, हे वाचलं तेव्हा मी नागपूरच्या गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलो होतो. समोर बिलबुक उघडं होतं आणि त्याच पानावर माझ्याच अक्षरात ‘टेकाम’ लिहिलेलं होतं! गडचिरोली-चंद्रपूरकडचे व्यापारी आमच्याकडे ठोकात माल न्यायला येतात, लग्नसराईत बस्ता बांधायला अख्खी कुटुंबं येतात. त्यांत टेकाम असतात, मरकाम असतात, इरपाची असतात. नाव विचारायचं, लिहायचं, पावती फाडायची. आणि आता त्याच बिलबुकात रानच्या रान उभं राहिलं! मरका म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. मोहाच्या झाडावरून इरपाची. तेंदूवरून तुम्राची. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले, १९१६ साली ते प्रसिद्ध झाले, आणि त्यांत गोंडांच्या कुळांची ही सगळी झाडं एका ओळीत उभी आहेत. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवली.

या सगळ्याकडे मला नेलं ते दुकानाच्या मागच्या दाराच्या चौकटीनं. भिंतीचं काम निघालं, जुनी चौकट काढावी लागली. तिच्यावर रंगाचे इतके थर होते की खाली लाकूड आहे की लोखंड तेही कळू नये. मिस्त्रीनं एका कडेला रंधा मारला आणि आतून मधासारखा सोनेरी तपकिरी रंग वर आला, त्यात काळसर रेघा, आणि वास! तेलकट, थोडासा चामड्यासारखा, नाक भरून टाकणारा. इतक्या वर्षांनीही ताजा. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, हे फेकू नका. सीपी आहे हे, असली सीपी. असा माल आता कुठी भेटते?”

सीपी म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, सागवानाची जात. घाना वेगळा, बर्मा वेगळा, सीपी वेगळा. लाकूडबाजारात कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. पण सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत! १८६१ साली इंग्रजांनी तो प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. पुढे वऱ्हाड जोडलं गेलं, सी. पी. अँड बेरार झालं, १९५० साली त्याचं मध्य प्रदेश झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी संपली. प्रांत गेला, त्याचा नकाशा गेला, शिक्के गेले, आणि लाकडाच्या भावात मात्र तो अजून रोज बोलला जातो! केरळातला किंवा गुजरातेतला सुतारसुद्धा ‘सीपी टीक’ मागतो तेव्हा तो आपल्याही नकळत आमच्या शहराच्या जुन्या राज्याचं नाव घेत असतो. मला हे इतकं आवडलं की मी त्या चौकटीचा तुकडा हातात घेऊन सरळ लकडगंजला निघालो.

गांधीबागेतून सेंट्रल अव्हेन्यूनं पूर्वेकडे गेलं की लकडगंज. नावातच लाकूड, आणि मी त्या रस्त्यानं आयुष्यभर जातोय. पण टालीच्या आत शिरून उभं राहणं वेगळं. आरामशीनचा आवाज, पायाखाली भुसा, उभे रचलेले लठ्ठे, पाट्या, चिरलेल्या बल्ल्या. एका व्यापाऱ्यानं मला शेजारी शेजारी दोन फळ्या ठेवून दाखवल्या, एक परदेशी लागवडीची आणि एक बल्लारशाच्या डेपोतल्या लिलावात घेतलेली. लागवडीच्या सागाची वाढ भराभर, म्हणून वर्षांची वलयं रुंद. आपल्याकडच्या रानातला साग कोरड्या, मुरमाड जमिनीवर हळूहळू वाढतो, म्हणून वलयं दाट, रंग गडद आणि ती काळी रेघ. सागाच्या लाकडात पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठी छिद्रं पडतात आणि नंतर बारीक, त्यामुळे वलयं डोळ्यांनी मोजता येतात. मी मोजायला लागलो. बोटाच्या एका पेरात कितीतरी पावसाळे! लाकडात तेल असतं आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. शिवाय बारीक सिलिका असते, म्हणून पातं लवकर बोथट होतं. मिस्त्री दर थोड्या वेळानं रंध्याला धार का लावत होता, ते मला तिथे कळलं.

आता शास्त्रातलं नाव ऐका. टेक्टोना ग्रँडिस. धाकट्या लिनियसनं १७८२ च्या सुमारास ते ठेवलं. ‘टेक्टोन’ म्हणजे ग्रीकमध्ये सुतार. आणि आपल्या संस्कृतातला ‘तक्षन्’, म्हणजे सुतारच, हा त्या टेक्टोनचा सख्खा भाऊ! पण मी खुर्चीतून उठलो ते याच्या पुढच्या ओळीला. या झाडाचं कूळ लॅमिएसी. म्हणजे तुळशीचं कूळ! आधी त्याला निरगुडीच्या कुळात घालत, आता तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळात आहे. आभाळाला टेकलेला, चौकटी आणि तुळया देणारा साग आणि अंगणातल्या वृंदावनातली तुळस एका गोताची! खूण बघायची असेल तर सागाची कोवळी फांदी बोटांत धरून फिरवा. ती गोल नसते, चौकोनी असते. तुळशीची काडी धरा, तीही चौकोनी. समोरासमोर पानं, तीही दोघांची सारखी. नागपूरच्या महाल भागातल्या तुळशीबागेत सी. पी. अँड बेरार नावाचं कॉलेज आहे. तुळस आणि सीपी एकाच पत्त्यात! हा योगायोग आहे, त्यात अर्थ नाही, पण त्या पाटीसमोर मी थांबलो आणि मला फार आनंद झाला.

आणि टेका. पुन्हा टेका. तमिळ आणि मल्याळममध्ये ‘तेक्कु’, तेलुगूत ‘टेकु’, गोंडीत ‘टेका’. एकाच द्राविडी मुळाची भावंडं. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ‘तेक्कु’ ऐकलं आणि ‘तेका’ लिहिलं, तिथून इंग्रजांनी ‘टीक’ केलं. म्हणजे लकडगंजच्या पाट्यांवर ‘टीक’ लिहिलेलं असतं, जगभरच्या जहाजांच्या आणि फर्निचरच्या कागदांत लिहिलेलं असतं, तो शब्द आणि माझ्या बिलबुकातलं टेकाम हे आडनाव एकाच रक्ताचं आहे! इंग्रजी शब्द समुद्रावरून फिरून आला. टेकाम मात्र इथेच आहे, सागाच्या रानात, सागाच्या सावलीत, कोण जाणे किती पिढ्या. हे मला साऱ्या गांधीबागेला सांगावंसं वाटतं.

एका बस्त्याच्या गडबडीत मी एका वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला हे विचारलंच. आडनाव टेकाम, गाव चंद्रपूरकडचं. “काका, तुमचं नाव सागावरून आहे ना?” ते नवरीची साडी बघत होते, मान वर न करता म्हणाले, “हाव. आमचं झाड आहे ते. आमी नाही तोडत त्याले.” त्यांच्या बोलण्यात नवल काहीच नव्हतं. आपलं गोत्र सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. गोंडांत प्रत्येक कुळाला आपलं झाड, आपला प्राणी, आपला पक्षी असतो, आणि त्याला इजा करायची नसते. त्याच कुळात लग्न करायचं नसतं. म्हणजे साग त्यांच्या घरचं वडीलधारं माणूसच. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीनं मला मग मरकामांचा आंबा, बडादेवाचा साजा, सगळं भराभर सांगितलं. साजा म्हणजे आपला ऐन, तोही कठीण लाकडाचा, आणि बडादेवाचं ठाणं त्याच्याखाली.

हे ऐकताना मला नागपूरचं मूळ आठवत होतं. देवगडच्या गोंड राजानं, बख्तबुलंद शहानं, १७०२ साली हे शहर वसवलं. इथल्या कागदांत, बखरींत, शाळेच्या पुस्तकांत त्याचं नाव आहे. पण त्याच्या लोकांच्या आडनावांत आंबा, मोह, तेंदू आणि साग अजून उभे आहेत, ते मी कुठल्या स्मारकापेक्षा कमी मानत नाही. पुढे १७४३ च्या सुमारास भोसल्यांचं राज्य आलं, आणि मग हेच लाकूड राजवाड्यात गेलं. महालातला भोसल्यांचा वाडा काळ्या बसाल्टचा, त्यावर लाकडी कोरीवकाम इतकं की गॅझेटिअरनं त्याची खास नोंद केली आहे. १८६४ साली तो आगीत जळाला, भव्य दरवाजा तेवढा उरला. महालच्या गल्ल्यांत अजून काही जुन्या घरांना कोरीव खांब, तुळया, तीर आहेत. मी आता त्या गल्ल्यांतून मान वर करूनच चालतो.

सागाच्या नावाची उत्तरेकडची वाट वेगळी. संस्कृतात सागाला ‘शाक’. शाकाचं प्राकृतात झालं साग, तेच मराठीत आलं, आणि अरबीत गेलं ‘साज’ होऊन. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तखरी इराणच्या आखातावरच्या सिराफ बंदरातली घरं साजाच्या लाकडाची असल्याचं लिहितो. आणि पुराणांत काय आहे? सप्तद्वीपांतलं एक शाकद्वीप! पूजेच्या संकल्पात आपण जंबुद्वीप म्हणतो, ते जांभळीवरून. तसंच शाकद्वीप शाक नावाच्या महावृक्षावरून, ज्याच्या सुगंधानं सगळं द्वीप दरवळतं असं भागवतात वर्णन आहे. मी चौकटीच्या तुकड्याचा पुन्हा वास घेतला! ज्या कुणी ते वर्णन केलं त्यानं ताजा चिरलेला साग हुंगला असेल, अशी माझी खात्री आहे.

मुंबईच्या गोदीत वाडिया सुतार-घराण्यानं सागाची जहाजं बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. दोन शतकं! आणि आमच्याकडचं? मार्च २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, मिरवणूक काढून गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं आणि त्यातलं सागवान नागपूरचं असल्याची बातमी देशभर छापून आली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण मला असंही वाटतं की त्या बातम्यांत टेकाम हा शब्द यायला हवा होता. हे लाकूड ज्यांच्या कुळाचं, त्यांच्यापाशीच ते राहिलं म्हणून तर मिळालं.

आणि राहिलं आहे का, हे बघायचं असेल तर आलापल्लीला जायला हवं. गडचिरोलीतला सुमारे सहा हेक्टरचा जुना वनखंड, त्याचं नाव ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’, आणि २०१४ साली तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे जुने साग तोडायचे नाहीत, मेलेलं झाडसुद्धा उचलायचं नाही, ते तिथेच मातीत जातं. मी तिथे अजून गेलेलो नाही. या पावसाळ्यात जाणार.

पावसाळाच का, तर साग तेव्हा फुलतो! एवढ्या मोठ्या झाडाला इवली इवली पांढरी फुलं, शेंड्यावर मोठाले तुरे, लांबून पाहिलं तर रानावर फेस आल्यासारखं. ज्यांना आलापल्ली लांब पडते त्यांनी गोरेवाड्याला जावं, पेंचच्या रस्त्याला जावं, दोन्हीकडे साग आहे. फांदी हातात घेऊन चौकोनी आहे का बघावी. ताटाएवढं खरखरीत पान उलटून बघावं. आणि कोवळं पान मिळालं तर तळहातावर घासावं, हात कुंकवासारखा लाल होतो. रानाकाठची पोरं हा खेळ कधीपासून खेळतात. आमच्या गांधीबागेतल्या पोरांना मी पुढच्या रविवारी घेऊन जातोय, आणि सोबत एका टेकाम घरची पोरं येणार आहेत, पानं कुठली तोडायची आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही हे सांगायला.